विहिरीवरचं अर्थशास्त्र

एप्रिलमधल्या एका शनिवारी माझे वडील चर्चच्या आवारातल्या विहिरीत उतरले. आत इंजिन बंद पडलं होतं. ते बघायला गेले आणि तिथेच वारले. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. सोमवारी माझा सूक्ष्म अर्थशास्त्राचा पेपर होता.

मी आता सोलापुरातल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. परवा एक मुलगी आली. रस्त्यावरून नुकताच कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर गेला होता, कडब्याची काही ताटं फाटकात सांडली होती आणि ज्वारीचा तो कोरडा, गोडसर वास खिडकीतून आत येत होता. "मॅडम, मायक्रोचं मराठी पुस्तक आहे का? सोपं असलं तर बरं," ती म्हणाली. मी काढून दिलं. तिनं मागणीच्या वक्राचं पान उघडलं आणि "हे तर येतं मला" असं स्वतःशीच म्हणाली. मला तिचा हेवा वाटला नाही. भीती वाटली. कशाची, ते मला नीट सांगता येत नाही.

आमच्याकडे कापणी आणि परीक्षा एकत्रच येतात. फेब्रुवारी सरत आला की शेतात शाळूची कापणी चालू असते, चर्चमध्ये कापणीचा सण होतो, आणि त्याच सुमाराला कॉलेजच्या भिंतीवर वेळापत्रकं लागतात. सकाळी अजून हवेत गारवा असतो. पण दुपारी बारानंतर बाहेर पडावं तर लक्षात येतं, ऊन आलेलं आहे. ते अजून अंगावर धावून आलेलं नसतं. भिंतीच्या पलीकडे कुणी तरी गप्प उभं असावं, तसं ते उभं असतं.

पप्पा ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळींतही ते होते. निवृत्तीनंतर त्यांनी मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या कुटुंबांतल्या, मुलांसाठी दर शनिवारी दुपारी एक वर्ग सुरू केला. अर्थशास्त्राची तोंडओळख, पण विश्वासाच्या बाजूनं. संडे स्कूलच्या खोलीत लहान मुलांच्या बाकांवर आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसायचो. फळ्याच्या वर नोहाच्या तारवाचं एक जुनं चित्र होतं. ओल लागून त्यातला खालचा समुद्र पार निघून गेला होता, त्यामुळे तारू भिंतीच्या चुन्यावर टेकल्यासारखं दिसायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'गरजा अमर्याद, साधनं मर्यादित.' मग वळून विचारलं, "ही टंचाई देवानं केली का? का माणूस देवाच्या पहिल्या बागेतून बाहेर पडल्यावर सुरू झाली?"

मागच्या बाकावर विल्सन होता. अक्कलकोटकडच्या एका खेड्यातला, होस्टेलवर राहून बी.कॉम. करणारा. तो म्हणाला, "सर, बागेत नळाला रोज पानी येत आसंल की."

पप्पा इतके हसले की त्यांना खडू खाली ठेवावा लागला. "लिहून घ्या रे," ते म्हणाले, "बाकीचं पुस्तक आता एवढ्यावरच आहे."

असा तो वर्ग होता. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकवायचा होता तेव्हा त्यांनी विल्सनला पुढे बोलावून पाण्याचे पेले प्यायला लावले. पहिला त्यानं एका दमात संपवला. दुसरा चवीनं. चौथ्याला तो म्हणाला, "बास, सर. आता ह्यो पेला मला दुस्मन वाटाय लागलाय." उरलेलं पाणी पप्पांनी खिडकीतल्या कुंडीत घातलं आणि म्हणाले की माणसाचं समाधान असं पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतं, पण प्रत्येक माणूस वेगळ्या पायरीवर उभा असतो, ज्याला पहिला पेलाच मिळालेला नाही, त्याच्या घशातून हिशेब करायला शिकणं हा आपला अभ्यास. त्या दिवशी मला हे फार सुंदर वाटलं होतं. आजही वाटतं, म्हणूनच ते आठवायला नको वाटतं.

कापणीच्या सणाला आमच्यात लिलाव असतो. लोक शेतातलं, परसातलं, स्वयंपाकघरातलं काहीबाही आणून वेदीपुढे ठेवतात. शाळूची कणसं, कोंबडी, द्राक्षांची पेटी, शेंगाची चटणी, कुणी विणलेली चादर. उपासना झाली की चिंचेखाली बोली लागते. आणि आमची एक रीत अशी, की घेतलेली वस्तू घेणारा पुष्कळदा तिथेच परत देतो, "देवाला परत" म्हणून. मग ती पुन्हा लिलावाला उभी राहते. त्या वर्षी एक लाल भोपळा असा किती वेळा फिरला कुणास ठाऊक. दर फेरीला त्याचा भाव चढत होता आणि वर येणारे हातही वाढत होते. शेवटी कुणीतरी तो चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरी पोचवला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे घारगे आम्हीच खाल्ले.

"सर, किंमत वाढली की मागनी कमी होती म्हनला हुता तुमी," विल्सननं पुढच्या शनिवारी विचारलं. "आपला भोपळा तर उलटाच चालला की. इकून झाला, परत इकला, आनि वर घारगे बी आपल्याच पोटात."

पप्पांनी फळ्यावर नेहमीचा खाली उतरणारा वक्र काढला. त्याच्याशेजारी वर चढणारा दुसरा. दुसऱ्याखाली लिहिलं, 'मंडळी.' म्हणाले, "बाजारात वस्तू एकदा दिली की संपली. इथे जे दिलं जातं ते सरत नाही, फिरत राहतं. नियम खोटा नाही. पण तो सगळीकडे पोचत नाही."

आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. त्यांनी ते मनात उतरवून घेतलं होतं.

विहीर आवाराच्या मागच्या बाजूला, कडुनिंबाखाली. जुन्या काळी होस्टेलसाठी बांधलेली. अर्ध्यापर्यंत दगडी पायऱ्या, खाली पाणी. ही विहीर आटत नाही, असं आमच्याकडे सगळे म्हणायचे आणि ते म्हणताना त्यांचा आवाज किंचित बदलायचा, उपासनेत मंडळी एकदम बोलते तसा. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. नळाला पाणी कधी येईल ते सांगणं लोकांनी मार्चमध्येच सोडून दिलं. आवाराच्या मागे यंत्रमागवाल्यांची वस्ती आहे, बहुतेक तेलुगू घरं. तिथल्या बायका एक दिवस फाटकाशी आल्या. पप्पांनी पंचमंडळींशी बोलून विहिरीच्या टाकीला बाहेरच्या बाजूनं एक नळ काढून दिला. कुणीही यावं, घरटी दोन कळशा घ्याव्या. आधी आला त्याला दोन, शेवटी आला त्यालाही दोन.

हे त्यांनी बायबलमधल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून घेतलं होतं. दिवसभर राबलेल्याला आणि संध्याकाळी आलेल्याला सारखीच मजुरी देणारा तो मालक. वर्गात तो दाखला झाला तेव्हा विल्सन म्हणाला होता, "आमच्याकडं द्राक्षं तोडाय आसं केलं, तर दुसऱ्या दिवशी सगळेच संध्याकाळी येतील की." पप्पांनी फळ्याच्या कोपऱ्यात 'विल्सनचा आक्षेप' असं लिहून ठेवलं. उत्तर पुढच्या शनिवारी देईन म्हणाले. ते अक्षर बरेच आठवडे पुसलं गेलं नाही.

आधी फक्त मागची वस्ती यायची. मग तिच्यापलीकडची. मग सायकलला कॅन बांधून लांबून लांबून माणसं यायला लागली. आमचं घर आवारातच होतं, विहिरीच्या मोटरीचा आवाज मला माझ्या खोलीत ऐकू यायचा. अभ्यास करताना तो पुस्तकाखालून वाहत असल्यासारखा वाटायचा. मार्चअखेर तो पातळ झाला. मध्येच घुसमटायचा, हवा ओढायचा, पुन्हा चालू व्हायचा. मी पान तेवढ्यावरच धरून थांबायची.

एका शनिवारी वर्ग सुटल्यावर मी, विल्सन आणि एस्तेर विहिरीशी गेलो. एस्तेर माझी शाळेपासूनची मैत्रीण, नर्सिंगला होती. नेहमी पाण्याखाली असणारी एक पायरी उघडी पडली होती. तिच्यावरचं शेवाळ ओलं होतं. पुढच्या खेपेला ते वाळून जळक्या कागदासारखं सुटू लागलं होतं, आणि त्याखाली आणखी पायऱ्या होत्या. त्या पायऱ्या मी जन्मात पाहिलेल्या नव्हत्या. त्यांचे कोपरे अजून धारदार होते, कारण त्यांच्यावरून कुणी चाललेलंच नव्हतं. पारव्यांनी घरटी खाली सरकवली होती. विहिरीतून बंद ठेवलेल्या कपाटासारखा वास येत होता.

त्या खेपेला पप्पा आमच्यामागे येऊन उभे राहिले. "बघा, किती खोल बांधलंय त्यांनी," ते कौतुकानं म्हणाले. "आपल्याला माहीतच नव्हतं."

एस्तेर वाकून खाली बघत होती. ती वर न बघताच म्हणाली, "सर, विहीर म्हणजे भोपळा नाही."

कुणीच हसलं नाही. विल्सननं हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

"म्हणजे?"

"भोपळा परत देणारी माणसं होती. हे पाणी घेऊन गेलेलं कुणी परत आणणार नाही. आणायचं म्हटलं तरी येणार नाही."

पप्पा विचारात पडले. त्यांना विद्यार्थ्यानं अडवलेलं आवडायचं. पण त्या दिवशी ते फळ्याकडे गेले नाहीत, नुसतेच काठाच्या दगडावर हात फिरवत राहिले.

नंतरचा आठवडा मला वाऱ्याशिवाय आठवतो. निंबाची पानगळ संपून नवी पालवी आलेली, पण एकही पान हलत नव्हतं. दुपारी आभाळ निळं नसायचंच, पांढरं असायचं. आवारातलं कुत्रं विहिरीजवळच्या सावलीत झोपायचं, ते तिकडे जायचं बंद झालं. हे मला तेव्हाच जाणवलं होतं का आता मागे वळून बघताना मी ते तिथे ठेवते आहे? माहीत नाही. दुःख करणारा माणूस खुणा गोळा करत बसतो. त्यातल्या काही खऱ्याही असतात.

नळावर भांडणं सुरू झाली. पहिल्यांदा तोंडाची, मग कळशांची. वस्तीतली नरसक्का एका संध्याकाळी सरळ आमच्या दारात आली. तिचा नवरा मागावर कामाला, घरात सासू आणि दोन लेकरं. पप्पांनी खुर्ची दिली, ती उंबऱ्यातच बसली.

"सर, फुकट ठेवू नका," ती म्हणाली. "काहीतरी लावा. फुकट हाय म्हणून ते पलीकडचे ड्रम घेऊन येतात की."

"तुम्ही द्याल हो अक्का. ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं काय द्यायचं?"

"मग आमची पाळी येईपर्यंत गाळ येतो. तो प्यायचा का?"

आई आतून म्हणाली, "बरोबर बोलते आहे ती. घरात माझ्या पिंपाचासुद्धा तळ दिसायला लागलाय."

"तळ दिसला म्हणजे पिंप धुवायची वेळ झाली," पप्पा म्हणाले.

"बोलण्यात तुम्हाला कोण हरवणार! घसा कोरडा पडू दे, मग बोला."

नरसक्का हसली, आईही हसली. त्या दोघी हसल्यामुळे पप्पांना वाटलं की विषय संपला.

भाव लावणं म्हणजे गरिबाला रांगेतून काढणं, असं त्यांचं मत होतं. कुलूप लावणं त्याहून वाईट. पुस्तकात तिसरी वाट होती, पुरवठा वाढवायचा. जुने झरे गाळानं बुजले असणार. गाळ काढला की ते मोकळे होतील. पंचमंडळींनी होकार दिला. कदाचित कुणालाच नाही म्हणायचं धाडस झालं नसेल, कारण नाही म्हणणं म्हणजे ही विहीर आटते असं म्हणणं होतं. मी आता जेव्हा या सगळ्याचा विचार करते तेव्हा मला वाटतं, ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. व्यापाऱ्यानं केली नसती, शेतकऱ्यानं तर नाहीच. ज्यांनी आपल्या डोळ्यांनी एकच भोपळा पुन्हा पुन्हा परत आलेला पाहिला, त्यांनाच ती करता आली.

शनिवारी सकाळी गाळ काढणारे दोघे आले. विजेची मोटर गाळ ओढत नव्हती म्हणून त्यांनी डिझेलचं इंजिन दोरांनी खालच्या कट्ट्यावर सोडलं होतं. वर्ग त्या दिवशी भरला नाही. आम्ही सगळे काठावरच होतो. इंजिन बराच वेळ धडधडत राहिलं. निळसर धूर वर येत होता, पण सगळा येत नव्हता. दुपारी ते दोघे वर आले आणि निंबाखाली टेकले. एकजण डोकं धरून बसला होता. ऊन लागलं म्हणाला. थोड्या वेळानं खालचं इंजिन आपोआप बंद पडलं.

एकदम इतकं शांत झालं, की रांगेतल्या बायकासुद्धा बोलायच्या थांबल्या.

पप्पांनी चपला काढून काठाशी ठेवल्या. एस्तेर म्हणाली, "सर, थांबा. आत धूर आहे."

"धूर गेला आता," ते म्हणाले.

ते त्या नव्या पायऱ्यांवरून उतरले. सावकाश, हात भिंतीला लावून, जसे ते चर्चच्या पायऱ्या उतरायचे. कट्ट्यावर पोचले, इंजिनाशी वाकले आणि मग बसले. बसल्यासारखंच दिसलं. विल्सन "सर, सर" ओरडत धावला. एस्तेरनं त्याचा शर्ट मागून धरला, मी त्याचा हात. तो आम्हाला शिव्या देत होता, रडत होता, "सोडा की, सोडा, माजा बाप हाय त्यो," असं म्हणत होता. माझा बाप खाली होता आणि मी त्याला धरून ठेवलं होतं. एस्तेर मला पुन्हा पुन्हा सांगत होती, "जाऊ देऊ नको, त्यात हवाच नाही." अग्निशमन दलाची माणसं तोंडाला मास्क लावून उतरली, तेव्हाच पप्पा वर आले.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब बोलले. त्यांनी मोल हा शब्द वापरला, खंडणी, म्हणजे दुसऱ्याच्या सुटकेसाठी भरलेली किंमत, हा शब्द वापरला. तहानेल्यांसाठी दिलेला जीव, असंही म्हणाले. मंडळी रडत होती. मला ते शब्द ओळखीचे वाटले आणि परकेही. पप्पाच एकदा वर्गात म्हणाले होते की आपल्या विश्वासातले मोठे शब्द सगळे बाजारातून आलेले आहेत. मोल, ऋण, खंडणी, सोडवणूक. देवाला बाजार ठाऊक आहे, म्हणून तो आपल्याशी आपल्याला कळेल त्या भाषेत बोलतो. पण आपण असं समजू नये की तो तिथेच राहतो. मातीचं पहिलं ढेकूळ पडलं तेव्हा मला उठून सांगावंसं वाटलं, की त्यांनी जीव दिला नाही. ते इंजिन बघायला गेले होते. देणं वेगळं आणि जाणं वेगळं. मी सांगितलं नाही. आई माझ्या खांद्याला धरून उभी होती आणि तिला 'दिला' हा शब्द हवा होता.

मी तो पेपर पुढच्या वर्षी दिला. एका प्रश्नात सामायिक साधनांविषयी लिहायचं होतं, म्हणजे जे सगळ्यांचं असतं आणि ज्याला भाव नसतो. मी पुस्तकातलं उत्तर लिहिलं. कुंपण घाला, किंवा भाव लावा, किंवा वापरणाऱ्यांनी बसून आपले नियम ठरवा. हे तिसरं लिहिताना मला उंबऱ्यात बसलेली नरसक्का दिसली. ती तेच करायला आली होती. पप्पांना देणारा माणूस कसा असावा ते नीट माहीत होतं. घेणाऱ्यांनाही काही म्हणायचं असतं, त्यांनाही विहिरीच्या काठाशी खुर्ची लागते, हे त्यांच्या वाचनातून निसटलं होतं. किंवा वेळ मिळाला असता तर ते तिथवर आले असते. अजून पुष्कळ धडे बाकी होते.

कधी कधी मी त्या द्राक्षमळ्याच्या मालकाचा विचार करते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या फाटकाशी किती माणसं आली असतील? शास्त्र त्याबद्दल काही सांगत नाही. पप्पा त्याचं उत्तर देणार होते. मी शोधते आहे, अर्थशास्त्रातही आणि प्रार्थनेतही, आणि दर वर्षी ज्वारीचा वास आला की मला वाटतं, हे उत्तर न सापडलेलंच बरं. सापडलं तर त्यात ते चूक होते असं निघेल, किंवा बरोबर होते असं. मला दोन्ही सोसणार नाही.

एस्तेर पुण्याला एका इस्पितळात असते, सणाला फोन करते. विल्सननं अर्थशास्त्र सोडलं. गावी शेती बघतो. बाहेरचा नळ पंचमंडळींनी त्याच महिन्यात काढून टाकला, आणि पावसाळ्याआधी विहिरीवर काँक्रीट टाकलं. खाली पाणी आहे की नाही ते आता कुणाला माहीत नाही.

आई आणि मी अजून आवारातच राहतो. आमच्यासाठी टँकर येतो. वस्तीला आमच्याकडून पाणी मिळत नाही.